पुढच्या सीटवरचे कॅटलॉग

२ सप्टेंबर, सोमवार

मालकांनी सकाळीच सगळ्यांना वर बोलावलं. म्हणाले, एक ऑक्टोबरपासून आपण गाड्या विकायच्या नाहीत. गाड्यांच्या शोरूममध्ये!

विकणार कंपनी. गिऱ्हाईक घरी बसून मोबाईलवर रंग निवडणार, तिथंच पैसे भरणार, गाडी कंपनीच्या गोदामातून येणार. भाव एकच, सगळ्या गावांत तोच. आपण गाडी दाखवायची, एक चक्कर मारून आणायची आणि शेवटी किल्ली हातात द्यायची. कमिशन बंद, पगार ठरलेला.

आमच्या सेल्समधल्या लंबूनं विचारलं, "मग आम्ही कोण?" मालक म्हणाले, "मला काय विचारतोस? मीसुद्धा आता त्यांचा एजंटच." वडिलांच्या फोटोकडे बघत म्हणाले. शोरूम वडिलांनी उभं केलेलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. चोवीस वर्षं मी इथं बोलतोय. मला रेडिओ म्हणतात — चालू केला की बंद होत नाही. आज रेडिओ काय म्हणतो याची वाट बघत असावेत. मला काही सुचलं नाही. खरं तर काही वाटलंही नाही. वाटायला हवं होतं बहुतेक.

घरी आल्यावर हिनं विचारलं, "आज काय विशेष?" काही नाही म्हणालो.

४ सप्टेंबर

भावाचा फलक उतरवला. भिंतीवर त्या जागी पांढराफटक चौकोन.

५ सप्टेंबर, गुरुवार

छापील कॅटलॉग बंद. असतील ते रद्दीत घाला, असा हुकूम. सहा खोकी. रद्दीवाला दारात उभा होता आणि मला काय झालं कोण जाणे, चार खोकी फोडून गठ्ठे माझ्या गाडीत नेऊन टाकले. लंबू म्हणाला, "लोणचं घालणार का?"

माझ्या गाडीतली पुढची सीट तशीही कॅटलॉगचीच. कुठं कोण भेटेल सांगता येत नाही, हाताशी असलेले बरे. म्हणून ही मागे बसते, डावीकडे. ते दार गेली दोन वर्षं आतून उघडत नाही. मग मी उतरतो, वळसा घालून जातो आणि बाहेरून उघडून देतो. बघणाऱ्याला वाटावं, काय अदब आहे या माणसाची! अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्याच वर्कशॉपमध्ये होईल. राहून जातं.

९ सप्टेंबर, सोमवार

कंपनीनं एक मुलगी पाठवली आहे. ट्रेनरबाई. वय असेल पंचवीस-सव्वीस, माझ्या पोरीपेक्षा जरा मोठी. मोबाईलवर गिऱ्हाइकांशी बोलणारा एक 'मदतनीस' तयार करायचा आहे. तो माणूस नाही, पण माणसासारखा बोलला पाहिजे. त्यासाठी तिला इथलं बोलणं हवंय. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

एकशेचाळीस प्रश्न आहेत तिच्याकडे. गिऱ्हाईक असं म्हणालं तर तुम्ही काय म्हणता? मी बोलायचं, ती टिपणार. "काका, अगदी बोलता तसंच सांगा. सुधारून नको."

सांगितलं. गाडीत बसायला लाजणाऱ्या माणसाला — बसून तर बघा, बसायचं भाडं नाही. विचार करून येतो म्हणणाऱ्याला — करा की, घाई कसली, गाडी कुठं पळून जातेय! भाव ऐकून उठणाऱ्याला — गाडी नाही घेतली तरी चालेल, चहा न घेता गेलात तर राग येईल.

हे तिसरं तिनं खोडलं. मदतनीस चहा देऊ शकत नाही.

११ सप्टेंबर

आज सत्तावीस प्रश्न झाले. घसा बसला. घरी बोललो नाही. तसा एरवीही बोलत नाही म्हणा.

१५ सप्टेंबर, रविवार

पोरगी शिकायला बाहेर गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. सकाळी कपडे वाळत घालता घालता ही म्हणाली, "ऑक्टोबर संपता संपता ताईकडे जाऊन राहीन म्हणते."

"किती दिवस?"

"बघू. तिच्याकडे खोली आहे रिकामी."

हातातला शर्ट तिनं दोनदा झटकला. मग म्हणाली, "दिवसभर तिकडे रेडिओ आणि घरात आलात की बंद. मी असले काय अन् नसले काय. पेपर तुमचे तुम्ही उचलता, पाणी तुमचं तुम्ही घेता. अडवायचं असलं तर आत्ताच सांगा."

मी म्हणालो, "तुझी मर्जी."

ती आत गेली. दोरीवरच्या कपड्यांचं पाणी टपटपत होतं, ते ऐकत उभा राहिलो. चोवीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला मी 'तुमची मर्जी' म्हटलेलं नाही. नव्या पोरांना मीच शिकवतो — हे दोन शब्द तोंडातून गेले की माणूस गेला.

जाऊ नकोस म्हणायला हवं होतं. मनात होतं की नव्हतं? होतं. इथं तरी लिहून ठेवतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

प्रश्न अठ्ठ्याऐंशी. 'निघालेलं गिऱ्हाईक.' ट्रेनरबाई म्हणाली, यात तुमचं नाव आहे म्हणे, मालक सांगत होते.

तिला सांगितलं. माणूस उठून दाराकडे निघाला की त्याला अडवायचं नाही, भाव कमी करायचा नाही. दारापर्यंत सोबत जायचं आणि म्हणायचं, "जायला हरकत नाही. फक्त एवढं सांगून जा — आमच्याकडून काय राहिलं?" मग गप्प राहायचं. कितीही जड गेलं तरी गप्प. खरं कारण माणूस टेबलावर कधीच सांगत नाही, दारात सांगतो. एक बाई दोन तास मायलेज विचारत होती, आणि दारात म्हणाली, माझं शिवणयंत्र मागे मावत नाही. बस, एवढंच! सीट पाडून यंत्र ठेवून दाखवलं, दुसऱ्या दिवशी गाडी गेली.

ट्रेनरबाई टिपायचं थांबली. "काका, हे भारी आहे. घरी पण वापरता का?"

मी हसण्यावारी नेलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

मदतनीस तयार. ट्रेनरबाईनं लंबूला मोबाईल दिला. त्यानं लिहिलं, विचार करून येतो. लगेच उत्तर — करा की, घाई कसली, गाडी कुठं पळून जातेय!

पोरं खो खो हसली. "रेडिओ डब्यात भरला!" मीही हसलो. बरं वाटलं का? नाही. वाईटही नाही. आपला जुना शर्ट दुसऱ्याच्या अंगावर दिसावा तसं काहीतरी.

प्रत्येकाला दहा कार्डं दिली आहेत, वाटायला. त्यावरचा चौकोन मोबाईलनं टिपला की मदतनीस सुरू. माझी दहाच्या दहा घरी फ्रिजवर ठेवली. हिला म्हणालो, कुणी मागितली तर दे.

१ ऑक्टोबर, मंगळवार

शोरूममध्ये आता दोनच गाड्या. एक पांढरी, एक राखाडी. बाकी सगळ्या भिंतीवरच्या पडद्यात. आमची टेबलं काढली. सोफे आले, बसलं की गुडघे छातीला लागतात.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दातांचे डॉक्टर आले. माझ्याकडून तीन गाड्या घेतलेला माणूस. दर वेळी तीन दिवस भांडतात, चौथ्या दिवशी गाडी घेतात, आणि किल्ली घेताना म्हणतात, लुटलंस मला. बाह्या सरसावूनच आत आले.

सांगितलं त्यांना — आता भाव ठरलेला. मी एक पैसाही कमी करू शकत नाही.

"मग चटया तरी?"

"चटया पडद्यात निवडायच्या."

"वरचा माणूस कोण? त्याला बोलाव."

"वर कुणी नाही हो."

सोफ्यावर बसले. "बारा वर्षं तुझ्याशी भांडून गाडी घेतोय मी. आता भांडू कुणाशी?" मी पडद्याकडे हात केला. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. जाताना म्हणाले, दात दुखला तर ये.

त्यांनी घरून गाडी नोंदवली, असं संध्याकाळी यादीत दिसलं. मिनिटं लागली सहा.

८ ऑक्टोबर, मंगळवार

मला नवं काम. मागच्या खोलीत बसून मदतनिसाशी चाललेल्या चौकशा वाचायच्या आणि तीन कप्प्यांत टाकायच्या — घेणारा, घोळणारा, बघ्या. नावं, नंबर दिसत नाहीत, गाडी नोंदवेपर्यंत कंपनी ते लपवते. नुसता चौकशी क्रमांक, आणि रोजच्या बोलण्याची पहिली ओळ. सगळं वाचायचं तर अजून एक बटण दाबावं लागतं. दिवसाला दोनशे चौकशा, कोण दाबतो!

हिला जेवताना सांगितलं, आता दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं वाचतो. ती म्हणाली, "सगळ्यांचं?"

म्हटलं, हो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

३११८ नावाचं एक प्रकरण आहे. म्हणजे चौकशी क्रमांक ३११८. आठवडाभर रोज दुपारी अडीचला येतं. रंग विचारत नाही, मायलेज विचारत नाही. आजची पहिली ओळ — 'मागचं डावं दार आतून उघडतं ना?'

चोवीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नव्या गाडीचं दार आतून का उघडणार नाही? लंबूला सांगितलं. तो म्हणाला, एखादा सनकी म्हातारा असेल.

१७ ऑक्टोबर

३११८ — 'चालवणारा गप्प असेल तर गाडीत आवाज किती येतो?'

घोळणाऱ्यात ठेवलं. बघ्याच्या कप्प्यात टाकायला हात होईना. का, ते सांगता येत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

ट्रेनरबाईचा फोन. "काका, तुमच्याकडे घोळणारे फार साचलेत. दोन आठवडे होऊन गेले आणि गाडीचं नाव नाही काढलं, तर बघ्या समजा. बंद करा." आवाज थकलेला होता. तिच्यावरही कुणीतरी असेल.

ही शेजारणीला सांगत होती, सत्तावीसची बस आहे सकाळची. मी बुटाची लेस बांधत होतो. एकदा बांधली, सोडली, परत बांधली.

२३ ऑक्टोबर, बुधवार

एकतीस चौकशा बंद केल्या. ३११८ सुद्धा. बघ्या.

बंद केली की मदतनीस आपोआप शेवटचा प्रश्न पाठवतो — माझाच, अठ्ठ्याऐंशी नंबरचा. आमच्याकडून काय राहिलं? त्याला कुणी उत्तर दिलंच तर ते वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतं. तो कप्पा आमच्या इथं उघडत नाही, कंपनीकडेच उघडतो. म्हणजे प्रश्न विचारायचा आणि उत्तराच्या आधी उठून जायचं. गप्प उभं राहणं, जे खरं काम होतं, तेवढंच गाळलं. ट्रेनरबाईला हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

हिनं माळ्यावरून बॅग काढली. पुसली. न्याहारीला समोर बसून म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचंय का मला?"

"नाही. का?"

"सहज."

२५ ऑक्टोबर

आज तिनं परत विचारलं. "काल-परवा ऑफिसात काही वाचण्यासारखं आलं का?" म्हणालो, रोजचंच. ती ताटं उचलून आत गेली.

२७ ऑक्टोबर, रविवार

बस साडेआठची. बॅग मी खाली आणली. ती गाडीपाशी आधीच उभी होती, पुढच्या काचेतून आत बघत. मग मागे आली आणि डाव्या दारापाशी थांबली. मी दार उघडलं. बसली.

रस्ता वीस मिनिटांचा. कॅटलॉगचे गठ्ठे वळणावर घसरत होते, मी डाव्या हातानं धरून ठेवत होतो. आरशात ती बाहेर बघताना दिसत होती. बोलायचं म्हणून मी म्हणालो, गर्दी नाही आज. ती म्हणाली, रविवार आहे.

स्टँडवर गाडी लावली. ती मागे बसून राहिली — अर्थातच, दार उघडत नाही. मी उतरलो, वळसा घातला, कडी धरली. आणि हात तिथंच राहिला.

मागचं डावं दार आतून उघडतं ना.

काचेच्या आत ती, बाहेर मी. तिनं काचेवर बोटानं टकटक केलं. मी दार उघडलं. ती उतरली. मला विचारायचं होतं, ते तूच का? विचारलं असतं तर काय म्हणाली असती? विचारलं नाही. जीभ जागची हलली नाही. चोवीस वर्षं खाल्लं ते त्या जिभेच्याच जोरावर, आणि काल-परवाच्या पोरासारखा उभा राहिलो.

"जाते," म्हणाली.

"बरं," म्हणालो.

बस गेली. मी गाडीत येऊन बसलो. पाठीमागे तिचा रुमाल राहिला होता.

२८ ऑक्टोबर, सोमवार

शोरूम उघडायच्या आधी पोचलो. वॉचमन म्हणाला, आज काय हो इतक्या लवकर? मागच्या खोलीत जाऊन ३११८ शोधलं. आणि यावेळी दाबलं. सगळं वाचलं, सात तारखेपासूनचं.

पहिल्या दिवशी तिनं विचारलंय — 'तुम्ही माणूस आहात का?' मदतनीस — 'नाही, मी मदतनीस. पण विचारा की, बसायचं भाडं नाही.' त्यावर तिनं लिहिलंय — 'हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. अजून बोला.'

अजून बोला! तो बोललाय. पंधरा दिवस, रोज अडीचला, अर्धा अर्धा तास. नवीन लग्न झालं तेव्हा मी शोरूममधून घरी फोन करायचो, तो अडीचलाच. जेवणाची सुट्टी संपायच्या आधी. काही कारण नसायचं. आज काय झालं ते सांगायचो, गिऱ्हाइकांच्या नकला करायचो, ती हसायची. तो फोन कधी बंद झाला ते आठवत नाही.

तिनं विचारलंय, 'चालवणारा गप्प असेल तर गाडीत आवाज किती येतो?' तो म्हणतो, 'इतकी शांत गाडी आहे की मनातलं ऐकू येईल.' हेही माझंच. ती म्हणते, 'ते नको.'

एका दिवशी नुसतं — 'आज पाय दुखतोय.' मदतनिसानं तिला उंच सीटची माहिती दिली आहे. तिचा पाय दुखतो, हे मला तिथं वाचून कळलं.

तेवीस तारखेला मी बंद केलं. खाली माझा प्रश्न. त्याच्यापुढे एक बारीक खूण — उत्तर आलेलं आहे. कप्पा उघडेना.

ट्रेनरबाईला फोन लावला. म्हणाली, "बंद चौकशीचं उत्तर कशाला हवंय काका?" मी म्हणालो, "ती बघ्या नाही. चूक झाली माझी." तिनं विचारलं, "गाडी घेणार आहेत का त्या?" मला रडू आलं. फोनवर, त्या पोरीसमोर. कितीतरी वर्षांनी आलं आणि ते तसंच येत राहिलं. तिनं फोन ठेवला नाही. काही बोललीही नाही. मीच शिकवलेलं.

मग म्हणाली, उद्या सकाळी उघडून देते.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

उघडलं. तेवीस तारीख, दुपारी दोन सदतीस. प्रश्नानंतर सात मिनिटांनी.

'पुढच्या सीटवरचे कागद काढा. मला पुढं बसायचं होतं.'

रजा टाकली. गठ्ठे उचलून शोरूमच्या पायरीवर ठेवले. सीटवर त्यांचा खळगा पडला आहे. तिच्या ताईच्या घरापर्यंत तीन तासांचा रस्ता. काय बोलायचं ते ठरलेलं नाही.